बटणवाल्या फोनवर आलेला ट्रॅक्टर

डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या गल्ल्यांमध्ये कलावती धुरी म्हणून चौकशी केलीत तर लोक डोकं खाजवतील. कलाताई म्हणालात तर शेंबडं पोरही हात धरून घेऊन जाईल. इथे इंटरनेट बंद पडलं की लोक आधी राउटर बंद करून चालू करतात, मग एकमेकांवर चिडतात आणि मग कलाताईंना फोन लावतात. कलाताई येतात. पंजाबी ड्रेस, पायात बूट, खांद्यावर तारेचं भेंडोळं आणि पोटाशी लहान बाळासारखं धरलेलं फायबर जोडायचं मशीन. त्यात केसाएवढ्या बारीक काचेच्या तारांची दोन टोकं समोरासमोर ठेवली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती वितळून एक होतात.

हा धंदा त्यांच्या नवऱ्याचा, सहदेवचा. कुडाळहून आलेल्या सहदेवने एका गच्चीवर डिश लावून केबल सुरू केली, तेव्हा अर्ध्या गल्लीत टीव्हीही नव्हते. त्याचा एक नियम होता. घरात जाऊन टीव्ही दुरुस्त केला की आधी लागलेलं चॅनल परत लावायचं नाही. दूरदर्शन लावायचं, चित्र नीट दिसतंय एवढं बघायचं आणि रिमोट घरच्यांच्या हातात द्यायचा.

"कोण काय बघतं ते आपल्याला दिसतंच गो," तो कलाताईंना सांगायचा. "म्हणूनच बघायचं नाही. तार घेऊन आत जायचं, डोळे बाहेर चपलांजवळ ठेवायचे."

सहदेव अचानक गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं की कलाताई धंदा विकून गावाला जातील. त्या कल्याणला फायबर जोडायचं शिकायला गेल्या. वर्गात त्या एकट्याच बाई. पहिल्या दिवशी बोटात काच घुसली, दुसऱ्या दिवशी त्या चष्मा बदलून आल्या. आज केबल मागे पडली आणि इंटरनेट पुढे आलं, पण नियम तोच. म्हणून तर कामावर जाणारी जोडपी कलाताईंकडे घराची किल्ली ठेवून निघून जातात. पोलीसपाटलालाही इतका मान मिळाला नसता.

या मानालाच एकदा धक्का बसला, तो एका हसण्यासारख्या गोष्टीतून.

गोदावरी सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर आनंद वैशंपायन राहतात. शाळेतून निवृत्त, सत्तरी ओलांडलेले आणि जन्मभर ब्रह्मचारी. कलाताई गच्चीवरचा तारांचा डबा तपासायला जिना चढत होत्या, तर काका दारातच उभे आणि भोवती मजल्यावरच्या बायका.

"या कलाताई, या! तुम्हीच राहिला होतात ऐकायच्या," काका म्हणाले. "परवा कल्याणच्या एका दवाखान्यातून दूरध्वनी आला. 'सर, मूल होत नाहीये का? पहिली तपासणी मोफत आहे, मिसेसना घेऊन या.' मी म्हटलं, बाई, तपासणीचं राहू द्या, आधी मिसेस शोधून द्या!"

बायका खो खो हसल्या. सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या शेजारच्या सरोजकाकू. पण हसू ओसरल्यावर त्याच म्हणाल्या, "पण काका, हे लोक उगाच कुणाला फोन करत नाहीत हो. कोणीतरी काहीतरी बघितलेलं असणारच."

त्यांच्या मागे त्यांची सून क्षिप्रा उभी होती. ती हसत नव्हती.

कलाताई गच्चीवर पोहोचतात न पोहोचतात तोच क्षिप्रा ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर आली. बादली तिने तशीच खाली ठेवली.

"तुम्ही सांगितलंत ना?"

"काय गं?"

"नाटक नको, कलाताई. मागच्या आठवड्यात तुम्ही आमचा सेट-टॉप बॉक्स बघायला आलेलात. माझा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. त्यावर त्याच क्लिनिकचं पान होतं."

"मी नाही बघितलं."

"मग आमच्या मजल्यावर फोन करायचं त्या क्लिनिकला कसं कळलं? मी इनकॉग्निटोमध्ये बघितलेलं. विनीतला आणि मला, दोघांनाच माहितीये. घरात आईंना कळलं तर माझं जेवण गळ्याखाली उतरू देणार नाहीत त्या. आणि आज ते सगळं जिन्यात, असं हसत..." तिने डोळे पुसले. "तुमच्यावर विश्वास होता. यापुढे आमच्या घरात येऊ नका."

क्षिप्रा खाली गेली. बादली तिथेच राहिली. कलाताईंनी ते कपडे एकेक करून वाळत घातले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना. आज एक दार बंद झालं होतं. पण ते का बंद झालं, हे कुजबुजत पुढे गेलं की उद्या अख्खी गल्ली बंद. तार तोडता येते, परत जोडता येते. कलाताई लोकांच्या घरात डोकावतात, हे एकदा पसरलं की त्याला कुठलंच मशीन चालणार नव्हतं.

शेवटची चादर झटकताना त्यांच्या लक्षात आलं. क्षिप्राने पान बघितलं, मग फोन वैशंपायन काकांना का आला?

क्षिप्राच्या घरी इंटरनेटची जोडणीच नव्हती. त्या मजल्यावर कढीपत्ता, इस्त्रीवाला आणि वाय-फाय सामायिक. काकांनी पासवर्ड क्षिप्राला दिला होता आणि ती त्यांची बिलं मोबाइलवरून भरायची. राउटर कलाताईंनीच लावला होता आणि काकांनीच सांगितलं होतं, "जरा त्या भिंतीला लावा, पलीकडे पोरीला रेंज मिळेल." म्हणजे दवाखान्याचं पान क्षिप्राने बघितलं, पण ते गेलं काकांच्या जोडणीतून. आणि फोनही त्यांनाच आला.

कलाताई दोन-दोन पायऱ्या उतरत तिसऱ्या मजल्यावर आल्या.

"काका, तो फोन तुमच्या कुठल्या मोबाइलवर आलेला?"

"या," म्हणत काकांनी टेबलाच्या खणातून जुना बटणवाला फोन काढला. "हल्ली याला कंठ फुटलाय. पूर्वी बापडा गप्प असायचा. याचा नंबर मी कोणालाच दिलेला नाही. भाच्यालासुद्धा नाही. फक्त तुमच्याकडे आहे, जोडणी घेताना दिला होता तेवढाच."

काका अगदी सहज बोलले, पण कलाताईंनी मनाशी हिशोब केला. नंबर दोघांकडेच होता. एक त्या स्वतः आणि दुसरी वरची कंपनी. खांबापासून घरापर्यंतची तार कलाताईंची, पण त्यातून येणारं इंटरनेट ठाण्याच्या एका कंपनीचं. गल्लीत तिला सगळे वरची कंपनी म्हणत. इनकॉग्निटोने लॅपटॉपला काही आठवत नाही एवढंच. कुठल्या साइटवर गेलात ते नाव तारेतून जातंच, आणि ते वरच्या कंपनीला दिसतं.

"काका, एक काम कराल? तुमच्या टॅबवर काहीतरी बघा. तुमच्या सात पिढ्यांत कोणाला लागलं नसेल असं. कुठेही नंबर टाकायचा नाही, काही भरायचं नाही. नुसतं बघत राहायचं."

काकांचे डोळे चमकले. शाळेत ते विज्ञान शिकवायचे. "म्हणजे प्रयोग!"

"प्रयोग. आणि काका..." कलाताईंनी आवाज खाली आणला. "ती दवाखान्याची गोष्ट आता कुणाला सांगू नका."

काकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग राउटरकडे, मग राउटरच्या मागच्या भिंतीकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "अरेरे," एवढंच ते म्हणाले. "आणि मी जिन्यात उभा राहून..."

"तुम्हाला काय माहीत, काका."

त्या दिवसापासून वैशंपायन काका टॅबवर ट्रॅक्टर बघायला लागले. लाल ट्रॅक्टर, निळा ट्रॅक्टर, नांगरासह, ट्रॉलीसह. आठवडा उलटायच्या आत त्यांचा कलाताईंना फोन आला. आवाजात परीक्षेत पहिला आलेल्या मुलाचा आनंद होता.

"लवकर या! तो अर्ध्या तासाने पुन्हा करतोय. मी त्याला म्हटलंय, मिसेसना विचारून सांगतो."

कलाताई पोहोचल्या आणि बटणवाला फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला.

"नमस्कार सर! ट्रॅक्टरचं काय ठरलं मग? शेत किती आहे आपलं?"

"शेत म्हणजे," काका घसा साफ करून म्हणाले, "खिडकीत एक तुळस आहे आणि एक कोरफड. तुमचा ट्रॅक्टर तिसऱ्या मजल्यावर चढेल का?"

पलीकडचा माणूस हसला. "काय सर, मस्करी करता. तुम्हीच तर रोज बघताय आमची साइट."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, बाळ?"

"लिस्ट येते ना सर आम्हाला. तुमच्या ब्रॉडबँडकडून. नाव, नंबर, आणि पुढे लिहिलेलं, ट्रॅक्टरमध्ये इंटरेस्ट."

कलाताईंनी डोळे मिटले. चोर सापडला होता, आणि तो त्यांच्याच तारेतून घरात शिरला होता.

वागळे इस्टेटमध्ये वरच्या कंपनीचं ऑफिस आहे. तिथला मॅनेजर सलिल, कलाताईंच्या मुलाच्या वयाचा असेल. त्याने कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं आणि जराही गडबडला नाही.

"विकत नाही हो ताई आपण काही. पार्टनर्सना देतो. ग्राहकाची आवड काय, एवढंच."

"आवड आणि फोन नंबर."

"संमती आहे ना." त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. गोदावरी सोसायटीतलं एकेक नाव आणि प्रत्येकापुढे हिरवी टिक. "ग्राहकाने स्वतः आमच्या ॲपमध्ये हो म्हटलंय. आणि तुमच्या एरियासारखं काम कुठेच नाही, ताई. सगळेच्या सगळे हो! हे केलं कोणी?"

कलाताई त्या टिकांकडे बघत राहिल्या. केलं कोणी? नवीन जोडणी देताना ॲप उघडायचं, नाव टाकायचं, पत्ता टाकायचा, मग येतील त्या चौकटींवर बोट मारत जायचं, आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचं, "काकू, ओटीपी आला का? सांगा!" आतून कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून काकू आकडे सांगणार. झालं, इंटरनेट चालू. डोंबिवलीत सगळे असंच करतात. ग्राहकाचं बोट त्या चौकटीला कधी लागतच नाही. डोळे चपलांजवळ ठेवून गेलेल्या कलाताईंनी बोट मात्र सगळ्या घरांत लावलं होतं.

"पुढच्या महिन्यापासून यात ऑपरेटरलाही वाटा आहे," सलिल म्हणाला. "तुम्ही तर आमच्या टॉपच्या."

"ही टिक काढता येते?"

"येते की. ग्राहकाने स्वतः काढली तर." तो हसला. "पण ताई, कोण काढतंय?"

परतीच्या बसमध्ये कलाताईंना एक सोपी वाट दिसत होती. घरोघर जायचं, "ॲपचं अपडेट आहे, काकू, ओटीपी सांगा," म्हणायचं आणि गुपचूप सगळ्या टिका काढून टाकायच्या. कुणाला कळलंही नसतं. लोकांनी ओटीपी दिलाही असता, कारण मागणाऱ्या कलाताई होत्या. आणि तेच त्यांना नको होतं. त्या उतरल्या त्या सरळ सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "रविवारच्या मीटिंगमध्ये मला बोलायचंय."

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पाण्याच्या टाकीचा विषय संपला आणि कलाताई उभ्या राहिल्या. त्यांनी काही लपवलं नाही. कंपनी काय करते ते सांगितलं, ट्रॅक्टरचा फोन सांगितला आणि शेवटी म्हणाल्या, "ही परवानगी तुमच्या नावाने दिली गेलीय, पण दिलीय मी. न वाचता. तुमचा ओटीपी घेऊन. चूक कंपनीची आहे तशी माझीपण आहे."

खुर्च्या करकरल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे ताई, आमच्या वतीने तुम्हीच अंगठा मारलात?"

"हो."

"आणि आम्ही तुमच्याकडे घराच्या किल्ल्या ठेवतो!"

कलाताईंनी मान खाली घातली नाही. "म्हणूनच इथे येऊन सांगतेय. दुसरीकडून कळलं असतं तर किल्ल्या परत मागितल्या असत्यात, आणि बरोबरच केलं असतंत."

तेवढ्यात सरोजकाकू उठल्या. सगळ्या भानगडीत त्यांच्या डोक्यात एकच धागा पक्का बसला होता.

"थांबा हां. म्हणजे काका जे बघतील त्याचाच फोन त्यांना येतो. मग तो दवाखान्याचा फोन? ते कोण बघत होतं काकांच्या वाय-फायवर?"

काकांचं वाय-फाय कोण वापरतं ते सगळ्यांना माहीत होतं. क्षिप्रा खुर्चीच्या कडेवर बसली होती. विनीतने तिचा हात घट्ट धरला. कलाताईंना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते मुळीच सांगायचं नव्हतं.

"मी," मागून आवाज आला.

वैशंपायन काका काठी टेकत उभे राहिले होते.

"तुम्ही?" सरोजकाकू.

"मी. का? सत्तरीच्या माणसाला कुतूहल नसावं? जन्मभर बेडकाचं जीवनचक्र शिकवलं, म्हटलं आता माणसाचं कुठवर आलंय ते बघावं."

एकच हशा उसळला. "काका, कोणी बघून ठेवलीय की काय?" कोणीतरी ओरडलं.

"हसा, हसा," काका म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "पण सरोजबाई, आज मी सांगितलं ते शेवटचं. माझ्या घरात बसून मी काय वाचतो याचा जबाब मी त्या कंपनीला देणार नाही, आणि माफ करा, या पार्किंगलाही देणार नाही. इथल्या एकाही माणसाने देऊ नये."

सरोजकाकू ओशाळून खाली बसल्या. "तसं नाही हो काका, मी आपलं सहज..." आणि मग कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. बघता बघता अख्खं पार्किंग टाळ्या वाजवत होतं. क्षिप्राने मान वर केली आणि बऱ्याच दिवसांनी कलाताईंच्या डोळ्यांत बघितलं.

"चला, फोन काढा सगळ्यांनी," कलाताई म्हणाल्या. "ॲप उघडा. मी फक्त तोंडाने सांगणार. बोट तुमचं तुम्ही लावायचं."

खुर्च्या ओढत लोक जवळ आले. चष्मे निघाले. "कुठलं बटण?" "खाली जा, अजून खाली." "अगं ते नाही, तू तर रिचार्ज करायला निघालीस!" शेवटी एकेकाच्या फोनवर ओटीपी आला, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सवयीने हाळी दिली, "कलाताई, ओटीपी सांगू का?"

"नको!" सगळं पार्किंग एका सुरात ओरडलं.

गोष्ट तिथे थांबली नाही. मानपाड्याच्या पुढच्या सोसायट्यांनी कलाताईंना बोलावणी पाठवली. टिटवाळ्याला कुंडलिक नावाचा ऑपरेटर आहे, सहदेवचा जुना दोस्त. तो आधी म्हणाला, "वहिनी, कशाला गिऱ्हाइकांसमोर मान वाकवायची?" कलाताई म्हणाल्या, "वाकवून बघ. नंतर जास्त सरळ होते." त्याने बघितलं, आणि मग कल्याणच्या बाकी ऑपरेटरांनाही त्यानेच गाठलं. हिरव्या टिका पटापट विझायला लागल्या.

सलिलचा फोन आला तेव्हा कलाताई खांबाला लावलेल्या शिडीवर होत्या.

"ताई, काय चाललंय तुमच्याकडे? वरून विचारणा होतेय."

"तुम्ही म्हणालेलात ना, कोण काढतंय? ते काढतायत."

"असं करू नका ताई. लाइन आमची आहे, विसरू नका."

"खांबापर्यंत तुमची," शिडीवरूनच कलाताई म्हणाल्या. "खांबापासून घरापर्यंत माझी. पुढे कल्याणवाल्यांची, त्यांच्या पुढे कुंडलिकची. आम्ही सगळ्यांनी मिळून दुसरीकडून इंटरनेट घ्यायचं ठरवलं, तर तुमचा खांब तुमच्याकडेच राहील. आम्हाला काय हवंय ते लिहून पाठवलंय. वाचा. न वाचता हो म्हणू नका, फार महागात पडतं."

कंपनीने आधी टाळलं, मग बैठक बोलावली, आणि मग मान्य केलं. या सगळ्या भागातली लिस्ट बंद. ती चौकट यापुढे रिकामीच येणार, आणि भरली तर ग्राहकाच्या फोनवरूनच भरणार, ऑपरेटरच्या नाही. कंपनी बोलते तशी वागते का, हे तपासायचं काम अर्थात वैशंपायन काकांनी घेतलं. ते पुन्हा रोज ट्रॅक्टर बघू लागले. बटणवाला फोन खणात गप्प पडून राहिला.

"एकही फोन नाही," महिन्याने त्यांनी कलाताईंना सांगितलं, आणि मग जरा चाचरत, "खरं सांगू? त्या ट्रॅक्टरवाल्याची सवय झाली होती मला. बरा बोलायचा."

क्षिप्रा एका दुपारी गच्चीवर आली. या वेळी बादली नव्हती.

"कलाताई, मी तुम्हाला नको ते बोलले."

"अगं, तुझ्या जागी मी असते तर बादली डोक्यात घातली असती."

क्षिप्रा हसली. "आमच्याकडे जोडणी द्याल? माझ्या नावावर हवी."

दुसऱ्या दिवशी कलाताई तार घेऊन त्या दारात गेल्या. बूट बाहेर काढले, भिंतीला भोक पाडलं, काचेची दोन टोकं मशीनमध्ये एक केली. ॲप उघडायची वेळ आली तेव्हा त्यांनी क्षिप्राला तिचाच फोन हातात घ्यायला सांगितलं आणि स्वतः बाहेर चपलांजवळ जाऊन उभ्या राहिल्या. आतून क्षिप्राने एकेक ओळ वाचली, सावकाश. रिकामी चौकट रिकामीच ठेवली. "झालं!" तिने हाक मारली.

कलाताई आत आल्या, राउटरचे दिवे बघितले, टीव्हीसुद्धा चालतोय ना म्हणून रिमोट उचलला आणि सवयीने दूरदर्शन लावून तो सरोजकाकूंच्या हातात दिला.

"अहो कलाताई!" सरोजकाकू ओरडल्या. "माझी मालिका चालू होती ना तिथे! आता कुठलं चॅनल होतं ते कसं सांगू?"

"सांगूच नका, काकू," कलाताई म्हणाल्या, आणि मशीन पोटाशी धरून जिना उतरू लागल्या.